कमरेला खोचलेला कटआउट

माझा स्वभाव तिखट आहे हे सासरी मला पहिल्याच वर्षी सांगण्यात आलं, आणि मी ते लगेच मान्य केलं. मान्य केलं म्हणजे तो बदलला असं नाही. गावात आजही कुणी नवीन पाहुणा आला की त्याला माझी ओळख अशी करून देतात: ह्याच त्या, ज्यांनी दिराच्या हळदीच्या दिवशी भरल्या घराची लाईट घालवली. पुढचं कुणी सांगत नाही, कारण पुढचं सांगितलं तर हसण्याची मजा जाते. म्हणून ते मीच सांगते.

माझं माहेर मंठ्याचं. वडिलांची पिठाची गिरणी घराला लागूनच होती, पत्र्याच्या शेडमध्ये. मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात आई सारखी म्हणायची की त्या कोपऱ्यातला पत्रा गरम लागतो. वडील म्हणायचे, उन्हाळ्यात पत्रा गरम लागणार नाही तर काय गार लागेल? सगळे हसायचे. आई सांगायची की सकाळी ऊन यायच्या आधीसुद्धा लागतो. तिचं ते वाक्य कुणी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. मग एका दुपारी पोत्यांच्या थप्पीतून धूर निघाला आणि गिरणी गेली. माणसं वाचली, घरही थोडक्यात वाचलं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मेन स्विचमधला फ्यूज उपसून बघितला, तर त्यातली तार शाबूत होती. शॉर्ट झालं असतं तर ती वितळायला हवी होती. वडील ती तार उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले.

जालन्याहून तपासणीला एक साहेब आले होते, त्यांनी सांगितलं. वायरचं वरचं आवरण उंदरांनी कुरतडलं होतं आणि आतली तार पत्र्याला टेकली होती. करंट पत्र्यातून लोखंडी खांबात आणि खांबातून जमिनीत असा थोडा थोडा झिरपत होता. साहेब म्हणाले, फ्यूजला दरोडा पडला तरच जाग येते, ही भुरटी चोरी त्याला कळतच नाही. गळतीची जागा मात्र तापत राहते आणि शेजारी जळण्यासारखं काही असलं की झालं. ही गळती ओळखून लाईट बंद करणारा एक डबा मिळतो, पण आपल्याकडे तो कुणी बसवत नाही, असंही ते म्हणाले. आई दारात उभी राहून ऐकत होती. बाई, तुझं बरोबर होतं, असं तिला कुणी म्हणालं नाही. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून जवळच्याच एका गावात मला दिलं. घर शेतकऱ्यांचं, माणसं बरी. काही वर्षांनी आम्ही स्लॅबचं घर बांधलं तेव्हा माझ्या नवऱ्याला दारावर सिंहाची जोडी हवी होती आणि मला तो डबा. दोन्ही होणार नाही म्हटल्यावर मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. सिंह राहून गेले, डबा आला. त्याचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत यायला पाहिजे. वाटेत थोडासा जरी कुठे जमिनीकडे गळाला, की त्याचा खटका खाली पडतो आणि लाईट जाते. त्यावर एक बारकं बटण असतं. ते दाबलं की डबा पडला पाहिजे, म्हणजे तो जागा आहे हे कळतं. मी दर महिन्याला दाबायची आणि टीव्हीपुढे बसलेली माणसं दर महिन्याला मला नावं ठेवायची.

डबा मधूनच आपसूक पडला की नवरा म्हणायचा, "तुझा डबा रुसला बघ. बराबर मालकिणीवर गेलाय."

नव्या घरामागे जुनी पत्र्याची खोली होती, ती आम्ही कापसासाठी ठेवली. आमच्याकडे कापूस घरातच साठवतात. भाव येईल म्हणून वाट बघायची, आणि तोवर घरातली चांगली कोरडी खोली कापसाला द्यायची. नुसता टाकला तर तो अर्ध्या खोलीतच मावेनासा होतो, म्हणून तुडवावा लागतो. दरवर्षी माझा दीर आणि घरातली पोरंटोरं पाय धुऊन ढिगावर चढायची आणि नाच केल्यासारखा कापूस तुडवायची. ढीग वाढत वाढत छतापर्यंत जायचा. खोलीच्या एका कडेला दाराशी थोडी जागा सोडलेली असायची, तिथे सासूबाईंची बाज. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. कापसाजवळ ऊब असते, शिवाय राखण होते, म्हणून त्या तिथेच झोपायच्या. नवीन घरात त्यांना झोप यायची नाही.

आत्याबाईंचा उजवा खांदा आखडला होता. जालन्याला एका दवाखान्यात त्यांना मशीनचा करंट द्यायचे. खांद्याला पट्टे लावतात, झिणझिण्या येतात आणि मोकळं वाटतं, असं त्या सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. पण दरवेळी एवढ्या लांब नेणार कोण? हळूहळू ते बंद पडलं आणि त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, खांदा बरा असेल.

दिराचं लग्न ठरलं ते ऐन उन्हाळ्यात. कापूस अजून विकला नव्हता. आणि त्याच सुमाराला डबा पडायला लागला. आधी कधीतरी, मग रोज, मग दिवसातून कितीतरी वेळा. दुपारी हमखास. पाहुणे यायला लागले होते. पंखे बंद पडले की माणसं टॉवेलने वारा घेत माझ्याकडे बघायची, जणू मीच फुंकर मारून लाईट विझवली होती.

नवऱ्याने गावातल्या वायरमनला बोलावलं. माणूस चांगला, कुणी हाक मारली तर जेवण सोडून येणारा. त्याने डब्यावर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "वहिनी, डबाच खराब हाय. जरा जास्तीच शहाणा हाय ह्यो. डायरेक्ट करून टाकतो, मंग बिलकुल त्रास न्हाई."

डायरेक्ट करणं म्हणजे डब्याला बगल देऊन वायर सरळ जोडणं. मग डबा भिंतीवर राहतो, पण शोभेला.

मी म्हटलं, "तो खराब हाय का घरात कुठं गळती हाय, ते आधी बघा. एकेक खोली बंद करून बघितली तरी कळंल."

"लग्न होऊ द्या, मंग निवांत बघू," तो म्हणाला.

नवरा म्हणाला, "राजूरच्या गणपतीला नारळ बोललोय मी. काही होत न्हाई."

"नारळ फोडा की," मी म्हटलं, "पण डब्याला हात लावायचा न्हाई." आणि वायरमन जाईपर्यंत मी बोर्डासमोरून हलले नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कुंभार पिंपळगावला गेले, राहिलेल्या बांगड्या आणायला. परत आले तेव्हा दुपार कलली होती. अंगणात मांडव, मांडवात पंखे, पंख्याखाली पाहुणे. सगळं कसं छान चाललेलं. एका मावशीने आनंदाने सांगितलं, "आज सकाळपासून एकदाबी लाईट न्हाई गेली, बघ." मी पिशवी हातात घेऊनच बोर्डाकडे गेले. डब्याच्या खालून एक नवी कोरी लाल वायर सरळ वर गेली होती. मी गावाबाहेर पडायची वाट बघून त्यांनी काम उरकलं होतं. माझं डोकं फिरलं.

भांडायला म्हणून नवऱ्याला शोधत मी मागच्या खोलीकडे वळले. आत आत्याबाई बाजेवर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, पाठीमागे वाकळ, आणि उजवा खांदा उघड्या पत्र्याला टेकवलेला. डोळे मिटलेले. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "आज ब्येस वाटून राह्यलं गं खांद्याला. इतके दिवस जरा कुठं झिणझिण्या यायच्या की मेली लाईट जायची. आज लाईटबी न्हाई गेली अन् शेकबी बराबर बसला."

मला ते कळायला क्षण लागला. दुपारी त्या टेकायच्या, पत्रा सरकायचा, कुठेतरी उघडी झालेली तार त्याला लागायची, आणि डबा पडायचा. हमखास दुपारीच का, ते आता समजलं. डबा इतके दिवस रुसत नव्हता, आत्याबाईंना वाचवत होता. आणि आम्ही त्याला बाजूला केलं होतं. कोरड्या लाकडी बाजेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागत होतं. त्यांनी पाय ओल्या जमिनीवर टेकवला असता तर काय झालं असतं, ते मला आजही पूर्ण मनात आणवत नाही.

त्यांचा हात धरून ओढावं असं वाटलं, पण अशा वेळी माणसाला हात लावायचा नसतो. "आत्याबाई, पाय खाली ठेवू नका," एवढंच म्हणाले आणि पळत सुटले. मेन स्विच खाली ओढला. आमचा मेन स्विच जुन्या पद्धतीचा, पांढऱ्या चिनीमातीचे कटआउट असलेला. फ्यूजची तार त्या कटआउटलाच बांधलेली असते, तो उपसला की स्विच कितीही वर करा, लाईट येत नाही. मी तो उपसला आणि कमरेला खोचला.

पंखे थांबले. गाणं थांबलं. मांडवातून एकच हुंकार उठला, आणि मग सगळे बोर्डाकडे आले. नवरा, वायरमन, पाहुणे, आणि अंगभर हळद लावलेला माझा दीर.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"कापूस बाहेर काढा," मी म्हटलं. "भिंतीपासून सगळा. वायर दिसत न्हाई तोवर लाईट लागणार न्हाई."

मी आत्याबाईंचं सांगितलं. त्यावर कुणी घाबरेल असं मला वाटलं होतं. पण लग्नघरात माणसांची डोकी जागेवर नसतात. कुणी म्हणालं, म्हातारीची बाज हलवा म्हणजे झालं. कुणी म्हणालं, आज कापूस काढला तर ठेवणार कुठं, अंगणात तर मांडव हाय. नवरा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सोयरे आलेत, बघून राह्यलेत. आजचा दिवस जाऊ दे. दे इकडं."

"न्हाई देत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझ्या आईला लोक हसले होते, मंग गिरणी जळाली. आता मला हसू द्या, पण कापूस काढा."

वायरमनने मध्ये पडून बघितलं. "वहिनी, मेनला फ्यूज हाय की. तसं काय असतं तर उडाला असता."

हेच वाक्य. मंठ्यात वडिलांनी शाबूत तार उजेडाकडे धरली होती, ती मला समोर दिसली. मी कमरेचा कटआउट काढून त्याच्या नाकासमोर धरला. "ही बघा तार. हिला काही झालंय का? आत्याबाईंच्या अंगातून करंट चालू होता तरी हिला पत्ता न्हाई." मग तो पुन्हा कमरेला खोचला आणि कुणाची वाट न बघता मागच्या खोलीत गेले. आत्याबाईंना हाताला धरून बाहेर बसवलं, बाज ओढून काढली आणि दोन्ही हातांनी कापूस ओढायला लागले. तुडवलेला कापूस काही सहज येत नाही. गादी फाडावी तसा फाडावा लागतो. बाजारात नेसून गेलेली चांगली साडी होती अंगावर. तिची मला काही पडली नव्हती.

सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर नवरदेव. हळद लागल्यावर कामाला हात न लावण्याचे सगळे नेम मोडून तो ढिगावर चढला आणि वरून कापूस खाली लोटायला लागला. ओल्या हळदीला कापूस चिकटून थोड्या वेळात त्याचं अंग पिसं फुटल्यासारखं दिसायला लागलं. एक दोन करत मग बाकीचेही आले. वायरमनही आला. नवरा दारात उभा होता. त्याने सदरा काढून खुंटीला लावला आणि माझ्या शेजारी वाकला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

भिंतीचा पत्रा मोकळा झाला तसा वास आला. जळका म्हणावा असा नव्हता. दूध उतू जाऊन चुलीवर करपतं तसला. मग वायर दिसली. लाकडी पट्टीवरून सुटून खाली लोंबत होती आणि दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथल्या धारेवर घासून तिचं आवरण गेलं होतं. आतलं तांबं चमकत होतं. दिराने ती बघितली आणि म्हणाला, "तुडवताना तोल जाऊ न्हाई म्हणून मीच धरत असन तिला. दरसाल धरतो." ते त्याने इतकं साधेपणाने सांगितलं की मला त्याच्यावर चिडताही येईना. दरसाल सगळेच धरत होते.

तांब्याखाली पत्रा काळा पडला होता. त्याला लागून असलेला कापूस आधी पिवळसर, मग तपकिरी, आणि मधोमध भाकरीएवढा कोळपलेला. वायरमनने त्या कापसाला बोट लावलं तर त्याचा भुगा झाला. त्याने मान खाली घातली. एका सकाळ-दुपारच्या डायरेक्टमध्ये हे झालं होतं. त्याआधी डबा दरवेळी पडत होता म्हणून ते एवढं वाढू शकलं नव्हतं.

नवऱ्याने पत्र्यावर हात ठेवला. लाईट बंद करून एवढा वेळ झाला होता तरी तो म्हणाला, "गरम लागतो."

आईचे शब्द. फक्त या वेळी ते एका पुरुषाने म्हटले होते, म्हणून सगळ्यांनी ऐकून घेतले. याचा मला त्याही क्षणी राग आला. मी लपवत नाही.

तो हात तसाच पत्र्यावर ठेवून खाली बघत होता. जमिनीवर बाजेच्या चार पायांचे खळगे होते. त्याने त्या खळग्यांवरून बाज मनातल्या मनात मांडली असावी, कारण मग त्याने माझ्याकडे बघितलं. तो काळा डाग आत्याबाईंच्या उशाशी होता. उशीला हात लागेल एवढ्या अंतरावर. त्या रात्री लाईट तशीच चालू राहिली असती, पाहुणे जेवून झोपले असते, आणि आत्याबाई रोजच्यासारख्या आपली वाकळ ओढून कापसाकडे तोंड करून झोपल्या असत्या.

"म्हातारी गेली असती," नवरा म्हणाला.

मी कमरेचा कटआउट काढून त्याच्या हातात दिला.

वायरमनने ती वायर कापून काढली, लाल वायर काढली, आणि डबा होता तसा जोडला. खटका वर केला तो वरच राहिला. पंखे सुरू झाले. सोयऱ्यांपैकी एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, असली सून असली म्हणजे घराला कुत्रं पाळायला नको. त्यांना कौतुक करायचं होतं, असं मी समजून घेतलं. दिराचं लग्न झालं. फोटोत त्याच्या कानामागे अजून कापूस दिसतो.

एकट्या आत्याबाई रुसल्या होत्या. "माझा शेक गेला," त्या दोन दिवस म्हणत राहिल्या. मी विचारलं, एवढा खांदा दुखत होता तर सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू? ज्याला त्याला कामं. मंग पत्रा गावला." त्या वाक्याने मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी चिडते. लग्नाचा मांडव निघायच्या आत मी त्यांना जालन्याला दवाखान्यात घेऊन गेले, आणि पुढेही नेत राहिले. कोण नेणार, हा प्रश्न घरात पुन्हा कुणी विचारला नाही.

आता कापूस मागच्या खोलीतच असतो, पण तिथे वायर नाही. दिवा बाहेरून खिडकीतून उजेड देतो. वायरमनने गावातली त्याने डायरेक्ट केलेली काही घरं पुन्हा जोडून दिली, सगळी नाही. काही घरांत मालकच नको म्हणतात. त्या घरांत मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मुद्दाम जाते आणि कुंकू लावायच्या आधी डबा बघते. बायका एकमेकींना कोपर मारतात. मला चालतं.

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला मात्र एक वेगळी रीत पडली आहे, आणि ती मी पाडलेली नाही. दाराजवळच्या बोर्डाशी आत्याबाई खुर्ची टाकून बसतात. आलेल्या बाईला आत सोडत नाहीत. "आधी दाब," म्हणतात, "मंग वाण." एखादी नवी सून लाजते, भिते, बटणाला हात लावत नाही. मग आत्याबाई स्वतः उठतात. खांदा दुखतो म्हणून ज्यांच्याने भाकरी थापवत नाही, त्या उजवा हात बोर्डापर्यंत वर नेतात आणि बटण दाबतात. खटका पडतो, सगळं घर अंधारतं, आणि त्या अंधारात त्या त्या पोरीला सांगतात, "ह्यो पडला न्हाई, त्या दिवशी मी पडणार होते."